नऊ माणसांचा कारखाना: मोजणीच्या रेषेबाहेर राहिलेला इतिहास

१/
१८८० च्या दशकातील खानदेश. कापसाचा हंगाम भरात आला आहे. जिनिंगच्या यंत्रांवर मुख्यतः स्त्रिया राबत आहेत. पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि माल साचला की रात्रंदिवस. तेथे इंजिन आहे, बॉयलर आहे, मालक आहे, मजुरी आहे. तरीही त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने असे अनेक जिन ‘कारखाना’ नव्हते. कोठे माणसे शंभरांपेक्षा कमी होती, तर कोठे काम वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक चालत नव्हते.

२/
‘अमुक साली देशात इतके कारखाने होते’ हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार येते. वाचक आकड्याकडे पाहतो, शब्दाकडे नाही. वास्तविक त्या वाक्यातील सर्वांत वादग्रस्त गोष्ट आकडा नसून ‘कारखाना’ हा शब्द आहे. भारतात या शब्दाचा सांख्यिकीय अर्थ कामगार कायद्यातून उसना घेतला गेला. परिणामी ज्यांना कायद्याने संरक्षण नाकारले, त्यांना नोंदवहीनेही नाकारले. हा धागा त्या दुहेरी नकाराविषयी आहे.

३/
आरंभ मुंबईतून होतो. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला आणि दोन दशकांत शहराचे रूप पालटले. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यातील बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरजच वाटली नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये विधेयकाचा मसुदा तयार करून प्रयत्न केला, पण त्यांना यश आले नाही. अखेरीस लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ चा कायदा झाला.

४/
त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांच्या तासांना मात्र हात लावला नाही. त्याहून महत्त्वाची होती त्याची व्याख्या: यांत्रिक शक्तीचा वापर, किमान शंभर माणसे आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काम. मळ्यांवरील नीळ, चहा आणि कॉफीचे कारखाने तर नाव घेऊन वगळले गेले. जेथे युरोपीय भांडवल मोठ्या प्रमाणावर गुंतले होते, नेमका तोच भाग व्याख्येबाहेर राहिला, हे नजरेआड करण्याजोगे नाही.

५/
१८८४ मध्ये मुंबई सरकारने पुन्हा आयोग नेमला आणि खानदेशातील जिनांची कहाणी त्याच्यासमोर आली. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन उभे केले. साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातील मागण्या होत्या. गिरणी कामगाराचा हा आवाज इतिहासात टिकला, कारण तो संघटित होता. आणि संघटित होऊ शकला, कारण हजारो माणसे एका छपराखाली होती. चार महिन्यांच्या हंगामानंतर गावोगाव पांगणाऱ्या जिनवरच्या स्त्रीला ना सभा होती, ना निवेदन, ना रकाना.

६/
पुढे रेषा सरकत गेली. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले आणि प्रांतिक सरकारांना ती मर्यादा वीसपर्यंत खाली आणण्याची मुभा मिळाली. १९११ मध्ये चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखानेही कक्षेत आले. १९२२ मध्ये मर्यादा वीस माणसांवर आली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने ती यांत्रिक शक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस अशी ठरवली. या प्रत्येक पायरीमागे चळवळ, चौकशी आणि लँकेशायर ते मुंबई अशी हितसंबंधांची रस्सीखेच होती. दहा हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो तडजोडीतून आलेला आहे.

७/
आता इतिहासाच्या अभ्यासकापुढील अडचण पाहावी. १९२१ आणि १९२३ या दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले, तर कारखान्यांची संख्या वाढलेली दिसते. त्या वाढीतील किती कारखाने खरोखर नव्याने उभे राहिले आणि किती पूर्वीपासून चालू असून केवळ व्याख्या बदलल्याने प्रथमच दिसू लागले? आलेखावरील रेषा याचे उत्तर देत नाही. ‘औद्योगिकीकरणाचा वेग’ म्हणून जी चढण दाखवली जाते, तिच्यातील काही पायऱ्या कायदेमंडळात बांधलेल्या असतात.

८/
कारखान्याबाहेरच्या उद्योगाची नोंद जनगणनेकडे होती. तेथे वेगळाच गोंधळ होता. १८८१ च्या जनगणनेतील व्यवसायांची वर्गवारी इंग्लंडमधील पद्धतीवर बेतलेली होती. १८९१ मध्ये जनगणना आयुक्त जर्व्हॉइस बेन्स यांनी भारतासाठी निराळी मांडणी केली. १९११ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियाँ यांची आंतरराष्ट्रीय योजना स्वीकारली गेली. तीस वर्षांत तीन चौकटी. माणसे तीच, कामे बहुतांशी तीच; कप्पे मात्र दर वेळी निराळे.

९/
कुंभाराचे उदाहरण घ्यावे. तो मडके घडवतो आणि आठवडी बाजारात स्वतःच विकतो. तो उत्पादक की व्यापारी? तेली घाण्यावर तेल काढतो आणि दारात मापून देतो. सोलापूरचा विणकर लुगडे विणतो, त्याची पत्नी कांड्या भरते, म्हातारी आई सूत उकलते. हा एक व्यवसाय की तीन माणसांचे काम? इंग्लंडमध्ये कारखाना आणि दुकान वेगळे झाले होते, म्हणून तेथील कप्पेही वेगळे होते. येथे उत्पादन, विक्री आणि संसार एकाच ओसरीवर चालत होते. चौकट आयात करता आली, तरी ओसरीची फाळणी तिला करता आली नाही.

१०/
या प्रश्नावर भारतीय आर्थिक इतिहासातील एक मोठा वाद उभा आहे. ब्रिटिश राजवटीत हस्तव्यवसाय बुडाले आणि माणसे शेतीकडे ढकलली गेली, या मताला जनगणनेच्या आकड्यांचा आधार दिला जात असे. डॅनियल थॉर्नर यांनी १८८१ ते १९३१ चे आकडे पुन्हा तपासले. शेतीसोबत ‘सर्वसाधारण मजुरी’ आणि उत्पादनासोबत व्यापार धरला, तर पुरुषांच्या बाबतीत त्या पन्नास वर्षांत फारसा बदल दिसत नाही, असे त्यांनी दाखवले. जी घसरण भासत होती, तिचा बराच भाग कप्प्यांच्या अदलाबदलीचा होता.

११/
थॉर्नर यांनी ‘हस्तव्यवसाय बुडालेच नाहीत’ असे म्हटले नव्हते. मोठी पडझड १८८१ पूर्वीच झाली असण्याची शक्यता त्यांनी मोकळी ठेवली. पुढे अमियकुमार बागची यांनी फ्रान्सिस बुकॅनन यांच्या १८०९ ते १८१३ मधील पाहणीचा आधार घेऊन गंगेकाठच्या बिहारचा हिशेब मांडला. उद्योगावर जगणाऱ्यांचे प्रमाण १८.६ टक्क्यांवरून १९०१ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावरही आक्षेप आले, आणि तेही व्याख्यांवरच: बुकॅनन यांनी ज्यांना कारागीर मानले, त्यांना जनगणनेने तसे मानले होते काय?

१२/
या वादात एक बाब सहज निसटते. स्त्रियांच्या कामाचे आकडे अविश्वसनीय ठरवून थॉर्नर यांनी ते बाजूला ठेवले. अभ्यासक म्हणून त्यांचा निर्णय समजण्याजोगा होता. पण परिणाम असा की, सूत कातणे, धान्य कांडणे, कांड्या भरणे ही ज्या व्यवसायांची हानी सर्वप्रथम झाली असावी, त्यांतील मुख्य कामकरीच हिशेबातून गळाल्या. नोंद सदोष म्हणून ती वगळायची आणि वगळली म्हणून ती गोष्ट घडलीच नाही असे मानायचे, या दोन पावलांतील अंतर फार थोडे असते.

१३/
महाराष्ट्रातील विडीचा धंदा हा या प्रश्नाचा जिवंत नमुना आहे. सिन्नर, अहमदनगर, सोलापूर, भंडारा, गोंदिया येथे विडीने लाखो हातांना काम दिले. येथे यंत्र नाही. तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री आणि सूप एवढेच साहित्य. जोवर विड्या शेडमध्ये बसून वळल्या जात, तोवर माणसे मोजता येत. काम घरी पाठवले की शेड रिकामी होते, कारखाना नाहीसा होतो, विडी मात्र तितकीच तयार होते. मधल्या सट्टेदाराने पाने आणि तंबाखू पोचवायची, हजारावर मजुरी द्यायची आणि छाट काढायची.

१४/
मग हे कामगार कोणाचे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६० च्या दशकाच्या आरंभी दोन निकाल जवळजवळ लागोपाठ आले. नागपूरच्या विडी कारखान्यातील वळणारे, ठरलेल्या ठिकाणी येऊन हजेरी लावत असल्याने, ‘कामगार’ ठरले. सिन्नरच्या प्रकरणात मात्र येण्याजाण्याच्या वेळेवर मालकाचे पुरेसे नियंत्रण नसल्याचे कारण देऊन बहुमताने उलट निर्णय झाला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत भिन्न होते. तीच पाने, तोच तंबाखू, तेच बोटांचे कसब. फरक हजेरीपटाचा.

१५/
अखेर १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्यांनाही कामगार मानले. म्हणजे व्याख्या बदलता येते, हे सिद्ध झाले. वर्गीकरणातही विडीने आपली जागा मिळवली आहे. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात तिचा संकेतांक १२००२ आहे. पहिले चार अंक संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे, तेथे सर्व तंबाखू उत्पादने एकत्र आहेत. पाचवा अंक भारताचा स्वतःचा. जगाच्या चौकटीत न बसणारे वास्तव त्या एका अंकात सामावले आहे. आयात चौकटही सुधारता येते, याचा हा छोटा पण ठोस पुरावा.

१६/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकारने मोजणी हाती घेतली तेव्हा जुनाच धागा पुढे चालला. १९४६ पासूनच्या उत्पादन उद्योगांच्या गणनेत यांत्रिक शक्तीवर चालणारे आणि वीस किंवा अधिक माणसांचे कारखाने होते, तेही ६३ पैकी २९ उद्योगांतील. १९५९ हे संदर्भवर्ष धरून वार्षिक उद्योग पाहणी सुरू झाली. तिची यादी मुख्यतः १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नोंदींवरून तयार होऊ लागली. सोय उघड होती: निरीक्षकाकडे यादी तयारच होती. किंमतही उघड होती: निरीक्षक जेथे जात नाही, तेथे ही पाहणीही जात नाही.

१७/
धोक्याची जाणीव कोणालाच नव्हती, असे नाही. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासोबत व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. समितीने ‘कारखाने’ आणि ‘लहान उद्योग’ असे दोन भाग वेगळे मांडले आणि लहान उद्योगांचे एकूण उत्पन्न कारखान्यांपेक्षा अधिक असल्याचे तिच्या अंदाजातून दिसले. ज्याची नियमित मोजणी होत नव्हती, तोच भाग मोठा होता. ही बाब त्या काळी अहवालात छापली गेली. योजनांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या चित्रात मात्र चिमण्या आणि धरणेच राहिली.

१८/
ज्या गिरणगावाने कारखान्याची प्रतिमा घडवली, त्याच्याच चाळींत मोजणीबाहेरचा एक व्यवसाय वर्षानुवर्षे चालला: खानावळ. घरापासून दूर असलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या या स्त्रिया उधारीवर किराणा आणत, महिन्याच्या पगारावर हिशेब मिटवत, तोटा सोसत. भांडवल होते, ग्राहक होते, जोखीम होती. व्यवसाय म्हणून ओळख नव्हती, म्हणून बँकेचे दारही बंद होते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. सांख्यिकीने जे ओळखले नाही, ते संघटनेने ओळखवून दिले.

१९/
१९७७ मध्ये पहिली आर्थिक गणना झाली. तिने किमान एक पगारी माणूस असलेल्या बिगरशेती आस्थापनाच मोजल्या. म्हणजे खानावळ एकटीने चालवणारी बाई तेथेही बाहेर. १९८० च्या दुसऱ्या गणनेत घरच्या माणसांवर चालणारे व्यवसायही आले. २०१३–१४ च्या सहाव्या गणनेत देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आढळल्या आणि त्यांतील सुमारे ७२ टक्क्यांत एकही पगारी माणूस नव्हता. पहिल्या गणनेची व्याख्या तशीच राहिली असती, तर दहापैकी सात व्यवसाय अस्तित्वातच नसल्यासारखे झाले असते.

२०/
रेषा केवळ वास्तव मोजत नाही. ती वास्तवाला वळणही लावते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या शेडमध्ये हे दिसते. एका छपराखालचे माग भाऊ, पत्नी, मेहुणा यांच्या नावांनी वाटले जातात. कागदावर तीन-चार छोटी युनिटे, प्रत्यक्षात एकच खडखडाट. दहाव्या माणसाबरोबर कारखाना कायदा येत असे, म्हणून नऊवर थांबणे शहाणपणाचे ठरत असे. मग तक्त्यात ‘लहान उद्योगांची भरभराट’ दिसते. ती भरभराट कितपत उद्यमशीलतेची आणि कितपत विभाजनाची, हे तक्ता सांगत नाही.

२१/
या मांडणीवर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. लहान मालकावर मोठ्या गिरणीचे नियम लादले तर तो धंदाच बंद करील. नोंदवह्या, निरीक्षक, परवाने यांचा जाच खरा आहे. म्हणून कोठेतरी रेषा हवीच. हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण तो कायद्याच्या रेषेविषयी आहे, मोजणीच्या नव्हे. नऊ माणसांच्या शेडला कोणते नियम लावावेत, यावर दुमत असू शकते. ती शेड आहे, तेथे नऊ माणसे काम करतात, एवढे नोंदवण्याने कोणाचाही धंदा बुडत नाही.

२२/
प्रश्न जुना असला तरी मिटलेला नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता, २०२० हिने कारखान्याची मर्यादा यांत्रिक शक्ती असल्यास वीस आणि नसल्यास चाळीस केली आहे. शंभरावरून दहापर्यंत यायला ६७ वर्षे लागली. आता रेषा उलट दिशेने सरकली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या व्याख्याही २०२० मध्ये गुंतवणुकीबरोबर उलाढालीवर आल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या मर्यादा पुन्हा वाढल्या. आदल्या रात्री मध्यम असलेला उद्योग सकाळी लघु होऊ शकतो; यंत्र एकही न हलता.

२३/
दोन आकडे शेजारी ठेवावेत. २०२३–२४ च्या वार्षिक उद्योग पाहणीत सुमारे २.६ लाख कारखाने आणि १.९५ कोटी माणसे आहेत. त्याच सुमाराच्या असंघटित उद्योगांच्या पाहणीत ७.३४ कोटी आस्थापना आणि १२ कोटींहून अधिक माणसे आहेत. दुसऱ्या आकड्यात व्यापार आणि सेवाही येतात, म्हणून थेट तुलना योग्य नाही. तथापि प्रमाणाची कल्पना येते. पहिली पाहणी जवळजवळ दरवर्षी येत राहिली. दुसऱ्या प्रकारची पाहणी कित्येक दशके मधूनमधूनच होत असे. ती आता कोठे नियमित होऊ लागली आहे. सातव्या आर्थिक गणनेचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. तिचे निष्कर्ष अद्याप जनतेसमोर आलेले नाहीत.

२४/
म्हणून मागणी साधी आहे. मोजणीची व्याख्या कायद्याच्या व्याख्येपासून स्वतंत्र असावी. कायद्याची मर्यादा बदलली, तर काही वर्षे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही व्याख्यांनी आकडे प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे मालिका तुटणार नाही. आर्थिक गणना ठरलेल्या काळाने व्हावी आणि जशी येईल तशी प्रसिद्ध व्हावी. घरात चालणाऱ्या व्यवसायाला ‘इतर’ या कप्प्यात लोटू नये. विडीसाठी पाचवा अंक सापडला, तसा तो इतरांसाठीही सापडू शकतो.

२५/
आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी एक सवय. जुना तक्ता हाती आला की आकड्यांआधी तळटीप वाचावी. किती माणसांपासून मोजले? कोणाला माणूस म्हणून मोजले: मालकाची पत्नी, मूल, घरी बसून काम करणारी शेजारीण? रेषा शेवटची कधी सरकली आणि ती सरकवण्यात कोणाचा लाभ होता? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो तक्ता देशाचा नसून केवळ निरीक्षकाच्या फेरीचा आहे, एवढे समजून पुढे जावे. दहाव्या माणसाला नोंदवहीत जागा मिळाली. उरलेल्या नऊ जणांचा इतिहास अद्याप लिहायचा आहे.